झेडपीचे शिक्षक आमदारकीला उभे राहू शकतात का? खरा प्रश्न कार्यमुक्तीच्या तारखेचा आहे

प्रश्न विचारणारे सातारा जिल्ह्यातले जिल्हा परिषद शाळेचे प्राथमिक शिक्षक आहेत. २००१ साली शिक्षणसेवक (सुरुवातीची काही वर्षं मानधनावर काम करणारा शिक्षक) म्हणून लागले, आज प्रभारी मुख्याध्यापक आहेत. तालुक्यातली मंडळी म्हणतायत, "गुरुजी, या वेळी तुम्हीच उभे राहा." त्यांनी विचारलंय: बिनपगारी रजा टाकून विधानसभा लढवता येते का? राजीनामा द्यायचाच असेल तर कधी द्यायचा? त्यापेक्षा शिक्षक मतदारसंघ सोपा पडेल का, कारण "हजारो प्राथमिक शिक्षक आपलेच आहेत"? खर्च किती येईल? आणि हरलो तर परत शाळेत घेतील का?

उमेदवारी अर्ज आणि शपथपत्रं तयार करणं हे माझं काम आहे, त्यामुळे त्याच बाजूने उत्तर देतो. तिकीट कोणाला मिळेल, जातीचं गणित काय, हे मला विचारू नका.

सर, "उभं राहता येतं का" हा प्रश्न तुम्ही थोडा चुकीच्या जागी धरलाय. वय पंचविसाच्या वर, राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, एवढं असलं की पात्रता झाली. खरा प्रश्न असा आहे की अर्जाच्या छाननीच्या दिवशी सकाळी तुम्ही नोकरीत असाल की नसाल. बाकी सगळं त्या एका तारखेभोवती फिरतं.

संविधानाच्या अनुच्छेद १९१ नुसार केंद्र किंवा राज्य सरकारच्या अखत्यारीतलं 'लाभाचं पद' धारण करणारा माणूस आमदार होण्यास अपात्र ठरतो. आता तुम्ही म्हणाल, माझी नेमणूक जिल्हा परिषदेची, सरकारची कुठे? मुद्दा बिनबुडाचा नाही. १९१ मध्ये 'स्थानिक प्राधिकरण' हा शब्द नाही. राष्ट्रपतिपदाच्या अपात्रतेत तो मुद्दाम घातलेला आहे. पण न्यायालयं फक्त नेमणूकपत्रावरचं लेटरहेड बघत नाहीत. नेमणूक कोण करतं, काढून कोण टाकू शकतं, पगार कुठल्या तिजोरीतून येतो, कामावर नियंत्रण कोणाचं, आणि ते काम कोणासाठी चालतं, असं सगळं एकत्र तोललं जातं.

तोललं गेल्यावर काय होतं, याचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. दोन्हीत माणूस शाळामास्तरच आहे. १९८४ च्या बिहारीलाल डोबरे विरुद्ध रोशनलाल डोबरे या खटल्यात उत्तर प्रदेशच्या बेसिक शिक्षण परिषदेच्या शाळेतला सहायक शिक्षक होता. परिषद कायद्याने वेगळी संस्था, पण सरकारची पकड इतकी की सर्वोच्च न्यायालयाने ते लाभाचं पद मानलं आणि त्याचा अर्ज फेटाळणं बरोबर ठरवलं. १९९२ च्या सत्रुचर्ला चंद्रशेखर राजू प्रकरणात आंध्रमधल्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेच्या शाळेतला शिक्षक होता. तिथे त्याच न्यायालयाने सांगितलं की हे सरकारच्या अखत्यारीतलं लाभाचं पद नव्हे, आणि त्याची आमदारकी टिकली.

म्हणजे झेडपीच्या शिक्षकाची बाजू वकिलाने लढवण्याजोगी आहे. पण ती लढायची कुठे आणि कधी, ते बघा. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने छाननीत अर्ज बाद केला तर त्याच आठवड्यात कोर्टातून तो परत आणता येत नाही. अनुच्छेद ३२९ मुळे निवडणूक चालू असताना न्यायालय हात घालत नाही; १९५२ च्या पोन्नुस्वामी निकालापासून हे पक्कं आहे. उपाय एकच, निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. ती जिंकलात तरी तोवर मधली वर्षं गेलेली असतात. उलट अर्ज मंजूर झाला आणि तुम्ही निवडून आलात, तर पडलेला उमेदवार हाच मुद्दा घेऊन याचिका करणार. म्हणून माझा सल्ला एका वाक्याचा आहे: हा वाद जिंकायच्या भानगडीत पडू नका, वादच उरू देऊ नका. नोकरी सोडूनच अर्ज भरा.

शिवाय लाभाचं पद हा निम्माच अडथळा आहे. १९६७ चे जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम तुम्हाला राजकारणात भाग घ्यायला बंदी घालतात. ही बंदी पदाच्या वादावर अवलंबून नाही. नोकरीत राहून प्रचार केलात तर शिस्तभंगाची कारवाई वेगळी लागते.

बिनपगारी रजेचं उत्तर यातच आलं. रजेवर गेल्याने पगार थांबतो, पद थांबत नाही. हजेरीपटावर नाव आहे, परत रुजू व्हायचा हक्क आहे, म्हणजे पद तुमच्याकडेच आहे.

इतरांसाठी दोन ओळी, कारण हे उत्तर वाचणारे सगळेच झेडपीचे नसणार. शासकीय आश्रमशाळा किंवा शासकीय विद्यालयातला शिक्षक थेट राज्य सरकारचा कर्मचारी. तिथे वादच नाही, नोकरी सोडावीच लागते. महापालिका, नगरपालिकेच्या शाळेतल्यांची गत तुमच्यासारखी. खासगी अनुदानित शाळेत पगार सरकारी अनुदानातून येतो, पण नेमणूक आणि बडतर्फी संस्थेच्या हातात असते, म्हणून त्यांची बाजू बरीच भक्कम. त्यांनीही संस्थेला लेखी कळवून, रजा मंजूर करून घेऊन, शिक्षणाधिकाऱ्यांकडे त्याची पोच ठेवावी. विनाअनुदानितवाल्यांनी फक्त संस्थाचालकांना सांभाळावं. ते कधीकधी सरकारपेक्षा अवघड असतं, हे सोडा.

आता तुमच्या कामाचा सगळ्यात मोठा मुद्दा. तुम्ही प्रश्नात तीनदा 'राजीनामा' हा शब्द वापरलाय. तो शब्द अर्जात येऊ देऊ नका. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम ४६ सांगतो की राजीनाम्याने मागची सेवा जप्त होते, म्हणजे पेन्शनच्या हिशोबातून पुसली जाते. नियम ६६ मात्र २० वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झालेल्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेऊ देतो, पेन्शनसह. दोन्ही अर्ज एका पानाचेच. एकात वीस-पंचवीस वर्षं पाण्यात जातात. घाईत, कार्यकर्त्यांच्या गराड्यात "मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे" असं लिहून फेसबुकवर टाकणारे शिक्षक आहेत, म्हणून हे ठासून सांगतोय.

तुमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची आहे, म्हणून जुनी पेन्शन गृहीत धरतो. त्या तारखेनंतर लागलेल्यांचा हिशोब वेगळा आहे. त्यांनी आपल्या एनपीएस (नव्या पेन्शन योजनेच्या) खात्यात मुदतीआधी बाहेर पडल्यावर हातात किती आणि वार्षिकीत (पुढे हप्त्याने मिळणाऱ्या पेन्शनमध्ये) किती, हे लेखा विभागाकडून लिहून घ्यावं आणि मगच पाऊल उचलावं.

सेवेची वीस वर्षं 'माझ्या मते झाली' असं चालत नाही. गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून सेवापुस्तक काढा आणि चार गोष्टी बघा: शिक्षणसेवक काळाची नोंद कशी आहे, नियमित नेमणुकीचा आदेश चिकटवलाय का, बिनपगारी रजा किती दिवसांची आणि कुठल्या कारणाची, आणि आंतरजिल्हा बदली झाली असेल तर मागच्या जिल्ह्याची सेवा पडताळणी झाली आहे का. शेवटची गोष्ट निम्म्या सेवापुस्तकांत राहिलेली असते. ती करायला दोन-चार महिने सहज जातात, कारण कागद दुसऱ्या जिल्ह्यातून यायचा असतो.

वेळेचा अंदाज यावा म्हणून २०२४ ची विधानसभा घ्या. १५ ऑक्टोबरला कार्यक्रम जाहीर झाला, २२ ला अधिसूचना, २९ ला अर्जांची शेवटची तारीख, ३० ला छाननी, ४ नोव्हेंबरला माघार, २० ला मतदान, २३ ला मोजणी. जाहीर झाल्यापासून अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंत १४ दिवस. नोटीस तीन महिन्यांची. ज्याने आचारसंहिता लागायची वाट पाहिली, त्याचं गणित तिथेच संपलं. नोटिशीची मुदत कमी करा अशी विनंती करता येते, पण ती मान्य करणं साहेबांच्या हातात, आणि साहेब ज्या पालकमंत्र्याला भेटतात त्याच्या पक्षाचा उमेदवार तुमच्यासमोर असू शकतो.

मध्य प्रदेशात २०२३ साली उपजिल्हाधिकारी निशा बांगरे यांचं काय झालं ते आठवा. जूनमध्ये राजीनामा दिला, तो लटकला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, मंजुरी ऑक्टोबरमध्ये आली. तोवर आमला मतदारसंघात काँग्रेसने दुसरा उमेदवार जाहीर केला होता. त्या अधिकारी होत्या, त्यांना कायदा माहीत होता, तरी असं झालं.

म्हणून तुमच्यासाठी मी असं आखेन. पुढची विधानसभा वेळेवर झाली तर २०२९ च्या अखेरीस. त्या वर्षी मे अखेरीला नोटीस, ऑगस्ट अखेरीला कार्यमुक्ती, हातात छाननीआधी दोन महिने शिल्लक. नोटीस नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या नावे, म्हणजे तुमच्या बाबतीत मुख्य कार्यकारी अधिकारी, मार्फत गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी (प्राथमिक). दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. शिवाय एक प्रत रजिस्टर पोस्टाने थेट सीईओंना, कारण 'मार्फत' गेलेला कागद मध्येच एखाद्या टेबलावर झोपतो आणि तुमचे तीन महिने सुरूच होत नाहीत. नियमात तरतूद आहे की नोटिशीची मुदत संपण्याआधी परवानगी नाकारली नाही तर मुदत संपताच निवृत्ती अमलात येते. ही तरतूद तुमची ढाल आहे, पण ती फक्त ज्याच्याकडे पोच आहे त्याच्याच कामाची.

परवानगी नाकारण्याचं नेहमीचं कारण म्हणजे प्रलंबित किंवा प्रस्तावित विभागीय चौकशी. आणि मुख्याध्यापकाचा कार्यभार असलेल्या शिक्षकाला चौकशीत गोवणं फार सोपं असतं. पोषण आहाराची साठा नोंदवही काढा. नोंदवहीत तांदूळ १८४ किलो शिल्लक आणि कोठीत पोती मोजली तर १५०, इतक्या फरकावर 'अपहार' हा शब्द लिहिला जातो. फरक बहुतेक वेळा चोरीचा नसतोच. एखाद्या महिन्यात उपस्थिती चुकीची नोंदलेली असते, शेजारच्या शाळेला उसना दिलेला तांदूळ नोंदवायचा राहिलेला असतो, किंवा पोतं कमी वजनाचं आलं आणि पावतीवर तसा शेरा मारला नाही. हे सगळं नोटीस देण्याच्या आधी, निदान सहा महिने आधी, नीट करा. तसंच समग्र शिक्षाच्या अनुदानाची रोकडवही आणि पावत्या, बांधकामाचा निधी आला असेल तर मूल्यांकन व पूर्णत्वाचा दाखला, जडवस्तू संग्रह नोंदवही (शाळेच्या सामानाची), शाळेला मिळालेले टॅब आणि टीव्ही, व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यावरच्या सह्या. कार्यभार देताना यादी करून, घेणाऱ्याची प्रत्येक पानावर सही घ्या. "नंतर बघू" म्हणणारा सहकारी कितीही जिवाभावाचा असला तरी सही घ्या.

आणखी एक गोष्ट जी वकील सांगणार नाही. शिक्षक बँक किंवा सोसायटीचं कर्ज तुमच्या पगारातून कापलं जातं. पगार थांबला की हप्ता थांबतो, आणि वसुली जामीनदारांच्या पगारावर जाते. जामीनदार कोण? शेजारच्या शाळांमधले दोन शिक्षक, ज्यांना तुम्ही आपले पहिले कार्यकर्ते समजताय. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम यायला वेळ लागतो, तोवरचे हप्ते हातचे ठेवा, किंवा नोटिशीआधीच कर्ज मिटवा.

नोटिशीचे तीन महिने तुम्ही अजून कर्मचारीच आहात, हेही विसरू नका. त्या काळात पक्षप्रवेश, सभा, मुलाखत काही नाही. कार्यमुक्तीच्या दुसऱ्या दिवशी काय ते करा.

शिक्षक मतदारसंघाकडे येऊ. तुमचा इथे मोठा गैरसमज आहे, आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांच्या: मुंबई, कोकण, नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. सातारा पुणे विभागात, म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे. उमेदवार शिक्षक असायलाच हवा असं नाही. वय तिसाच्या वर आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभा यादीत नाव, बस. पण मतदार मात्र माध्यमिकपेक्षा कमी नसलेल्या दर्जाच्या संस्थेतला शिक्षकच असावा लागतो, आणि मागच्या सहा वर्षांत मिळून किमान तीन वर्षं त्याने तिथे शिकवलेलं असावं लागतं.

याचा सरळ अर्थ: पहिली ते आठवीच्या झेडपी शाळेतल्या तुमच्या हजारो सहकाऱ्यांना तिथे मतच नाही. तुम्हालाही नाही. तुम्ही उभे राहू शकाल आणि स्वतःला मत देऊ शकणार नाही. तुमच्या संघटनेचं अधिवेशन कितीही मोठं भरत असलं तरी या यादीत त्यातलं जवळजवळ कोणी नसतं. मतं हायस्कूल, ज्युनियर कॉलेज, आयटीआय, कॉलेजवाल्यांची, आणि त्यांच्या संघटना वेगळ्या, प्रश्न वेगळे: अनुदानाचे टप्पे, शालार्थ आयडी (ऑनलाइन पगारासाठी लागणारा क्रमांक), संच मान्यता (शाळेला मंजूर शिक्षकसंख्या), जुनी पेन्शन. जानेवारी २०२३ च्या नागपूर शिक्षक मतदारसंघात विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले यांनी विद्यमान आमदार नागो गाणार यांना हरवलं, तेव्हा जुन्या पेन्शनचा मुद्दा जोरात होता, आणि पाठीशी माध्यमिकची बांधलेली संघटना होती. तुमचं वजन प्राथमिकच्या शिक्षकांत आणि गावागावांतल्या पालकांत असेल तर तुमची निवडणूक विधानसभेचीच आहे, अवघड असली तरी.

तरीही विधान परिषदेचा विचार करणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट. इथे निवडणूक मतदानाच्या दिवशी नाही, यादीच्या वेळी जिंकली जाते. प्रत्येक वेळी यादी नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेल असं नाही. अर्हता दिनांक (ज्या दिवशीची पात्रता धरतात तो) १ नोव्हेंबर, अर्ज नमुना १९, सोबत संस्थाप्रमुखाचा सेवेचा दाखला. मुख्याध्यापक आपल्या शाळेतल्या पात्र शिक्षकांचे अर्ज एकत्र देऊ शकतात. पक्षाने किंवा संघटनेने आणलेला गठ्ठा घेतला जात नाही. म्हणून उमेदवाराचं खरं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळोशाळी फिरून मुख्याध्यापकांकडून अर्ज भरून घेणं हे आहे. बहुतेक अर्ज अडकतात ते दाखल्यावर जावक क्रमांक नसल्यामुळे, किंवा तीन वर्षांच्या तारखा स्पष्ट नसल्यामुळे. पुणे आणि अमरावतीची मागची निवडणूक १ डिसेंबर २०२० ला झाली आणि मुदत सहा वर्षांची असते, यावरून पुढचा हिशोब तुम्हीच करा.

मतदान पसंतीक्रमाचं. मतपत्रिकेवर चिन्ह नसतं, बटण नसतं. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच उमेदवाराच्या नावासमोर १, २, ३ असे आकडे लिहायचे. मराठी आकडा चालतो, रोमन चालतो, पण अक्षरी 'एक' लिहिलं की मत बाद. बरोबरची खूण केली, सही केली, खिशातलं पेन वापरलं, दोघांपुढे १ लिहिला, तरी बाद. हे बाद करणारे मतदार सगळे शिक्षक असतात. उत्तरपत्रिका तपासताना याच चुकांना ते लाल रेघ मारतात! जिंकायला वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त लागतं. समजा ३०,००० वैध मतं, तर कोटा १५,००१. पहिल्या पसंतीत कोणी तिथे पोहोचलं नाही तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. त्यामुळे "पहिली पसंती दुसऱ्याला देताय? द्या, दुसरी मला द्या" हे वाक्य म्हणायला लाजू नये. विधान परिषदेला खर्चाची कायदेशीर मर्यादा नाही. भेटवस्तूंची बोंब दर वेळी होते ती काही उगाच नव्हे, पण मर्यादा नसली तरी लाच ही लाचच राहते.

विधानसभेच्या अर्जाचं आता पटापट. नमुना २ ब, जास्तीत जास्त चार प्रती. मान्यताप्राप्त पक्षाचे असाल तर एक सूचक (तुमचं नाव सुचवणारा मतदार), अपक्ष असाल तर दहा, सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार. दहाच्या जागी बारा-तेरा तयार ठेवा, आणि प्रत्येकाचा यादी भाग व अनुक्रमांक ताज्या यादीवरून तपासा. सूचकाचं नाव पुरवणी यादीत वगळलेलं निघणं ही नेहमीची फजिती. नोकरीतल्या शिक्षकांना सूचक करू नका. अनामत १०,०००, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. ती वाचायला वैध मतांच्या एकषष्ठांशाहून जास्त मतं लागतात. २ लाख वैध मतं पडली तर ३३,३३३ च्या वर. पक्षाचा एबी फॉर्म (आपला अधिकृत उमेदवार कोण हे पक्ष कळवतो तो कागद) शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत पोहोचलाच पाहिजे.

शपथ लोक विसरतात. अर्ज दाखल केल्यानंतर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घ्यावी लागते. अर्ज देताना तिथेच घेऊन टाका.

नमुना २६ चं शपथपत्र नोटरी केलेलं. तुमची, पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता, पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न, सगळी कर्जं. शिक्षक इथे ठरावीक गोष्टी विसरतात: सोसायटीचे शेअर आणि कायम ठेव, भविष्य निर्वाह निधीची शिल्लक, पत्नीच्या बचत गटाचं कर्ज, गावाकडची वडिलोपार्जित जमीन जिच्या सातबाऱ्यावर अजून पाच भावांची नावं आहेत. दुसऱ्याच्या कर्जाला तुम्ही जामीन असाल तर तो कागदही काढून बघा. एकही रकाना मोकळा सोडायचा नाही. काही नसेल तर 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहायचं. रेघ मारायची नाही. रकाने कोरे ठेवले आणि सांगूनही भरले नाहीत तर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे अर्ज बाद होऊ शकतो. सोबत कार्यमुक्तीचा आदेश आणि स्वेच्छानिवृत्ती मंजुरीची साक्षांकित प्रत मागितली नसली तरी जोडा. छाननीत कोणी हरकत घेतली तर अधिकाऱ्याच्या टेबलावर उत्तर आधीच पडलेलं असावं.

खर्च. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची मर्यादा ४० लाख, २०२२ पासून. ती गाठायलाच हवी असं नाही. साधा हिशोब मांडतो, भाव तुमच्या भागातले घाला. मतदारसंघात ३४० मतदान केंद्रं धरली, प्रत्येकी दोन माणसं, जेवण-चहा माणशी २०० रुपये: १,३६,०००. घरं ८५,०००, दोनदा पत्रक, नगाला एक रुपया: १,७०,०००. माघारीपासून प्रचार संपेपर्यंत १४ दिवस, दोन गाड्या, दिवसाला गाडीमागे ४,०००: १,१२,०००. इथेच चार लाखांच्या वर गेलात, अजून सभा, मंडप, कार्यालय, समाजमाध्यमं यायचीत. दहा-बारा लाख हातात नसतील तर केंद्रांवर माणूस बसवता येत नाही, आणि माणूस नसलेल्या केंद्रावर तुमच्या बाजूने आवाज काढायला कोणी नसतं.

अर्जाच्या निदान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा. एका माणसाला किंवा दुकानाला रोखीने पूर्ण निवडणुकीत १०,००० च्या वर देता येत नाही. खर्चाच्या वहीत तीन भाग: पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. कार्यकर्त्याने 'प्रेमाने' लावलेला मंडपसुद्धा जिल्ह्याच्या दरसूचीप्रमाणे पांढऱ्या पानावर येतो. पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर गुन्हा. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र करू शकतो. हरलेले उमेदवार इथेच हमखास गाफील राहतात.

सहकारी शिक्षकांबद्दल एक इशारा. सरकारी नोकराने मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून बसणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४ अ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद. आणि तुम्ही त्यांची मदत घेतलीत हे सिद्ध झालं तर तुमची निवडणूकच रद्द होऊ शकते. बीएलओ (मतदार यादीचं काम करणारा केंद्रस्तरीय अधिकारी) असताना जमवलेले मतदारांचे मोबाइल नंबर, पालकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप, शाळेची मुलं यांतलं काहीही प्रचारात आणू नका. मुलांच्या बाबतीत आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बंदी घातलीय, पत्रक वाटणं आणि घोषणा देणं दोन्ही त्यात येतं. "मी नोकरीत राहतो, बायकोला उभी करतो" ही वाट कायदेशीर आहे, पण मग सासुरवाडीला गेल्यासारखं गप्प बसायचं. व्यासपीठावर दिसलात की तक्रार झालीच.

हरलो तर परत घेतील का? नाही. स्वेच्छानिवृत्तीनंतर परत येण्याची वाट नाही. नवी भरती पवित्र पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणी आणि वयाच्या अटींतून होते, तुमच्या वयात ती बंद आहे. हातात पेन्शन राहील, आणि नियम ४६ च्या ऐवजी ६६ ने गेलात तरच राहील.

तुम्ही शेवटी विचारलंय की नोटीस देण्याआधी "सहज" चाचपणीची बैठक चालेल का. घरी चार माणसं चहाला बोलावणं कोणी थांबवू शकत नाही. धोका वेगळाच आहे. तुमच्या वाढदिवसाला एखादा उत्साही माजी विद्यार्थी एसटी स्टँडवर दहा बाय पंधराचा फ्लेक्स लावतो, तुमचा फोटो, वर 'भावी आमदार', खाली शाळेचं नाव. दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो तक्रारीसोबत सीईओंकडे असतो, आठवड्यात खुलासा मागवला जातो, आणि 'प्रस्तावित चौकशी' हे शब्द तुमच्या फाइलला चिकटतात. तसा फ्लेक्स दिसला तर त्याच दिवशी उतरवा, रिकाम्या जागेचा तारखेसह फोटो काढा, आणि "हा फलक माझ्या संमतीविना लावला होता, मी तो काढायला लावला आहे" असं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांना देऊन पोच घ्या.